चढला त्याच गिअरात उतरायचं. पण गिअरच नसेल तर?

पत्र

ताई, मी साताऱ्याचा, वय ४२. माझ्याकडे २००६ ची पेट्रोल स्विफ्ट आहे. आजवर मेकॅनिक सोडून कुणाला तिच्या स्टिअरिंगला हात लावू दिलेला नाही. रविवारी पहाटे यवतेश्वर घाटातून कास, नाहीतर पसरणी चढून पाचगणीत चहा, हीच माझी पूजा. आता गाडीला वीस वर्षं होतायत, पुन्हा पासिंग आलंय आणि घरात ठरतंय की नवी गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची. बायको कोरेगावला शिक्षिका आहे, तिला सोयीचं पडेल. पुण्याच्या मेहुण्यानं घेतलीय, ती साताऱ्याला येताना मी खंबाटकी घाटात चालवली. पिकअप भयंकर, पण मला वाटलं मी मोबाइल चालवतोय. आवाज नाही, गिअर नाही, हातापायाला काम नाही. दुसऱ्या दिवशी मेहुणा आम्हाला कासला घेऊन गेला, तर उतरताना नऊ वर्षांच्या मुलीला दोनदा उलटी झाली. आमच्या स्विफ्टमध्ये तिला कधी होत नाही. ज्याला गाडी चालवायचीच आवड आहे, त्याचे दिवस संपले का? हसू नका.
— गिअरवेडा, सातारा

उत्तर

हसले नाही, दादा. उलट तुमचं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं, ह्यांच्या कानावर पडावं म्हणून. आमच्या अंगणातही एक जुनी झेन उभी आहे आणि तिच्यावरून महिन्यातून एकदा तरी घरात अबोला असतो. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

सुरुवात उलटीपासून करते. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती जाता जाता लिहून टाकलीत.

माझे अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. केळघर, आंबेनळी, पसरणी, सगळे घाट त्यांनी लाल गाडीतून वर्षानुवर्षं चढले-उतरले. चांगल्या ड्रायव्हरची त्यांच्या लेखी खूण एकच: महाबळेश्वरला झोपलेला पॅसेंजर पोलादपूरला हलवून उठवावा लागला पाहिजे. मध्येच कुणी खिडकीतून डोकं बाहेर काढलं, की त्या रात्री अण्णा जेवताना गप्प असायचे. मला गाडी शिकवताना ते मुद्दाम आईला मागच्या सीटवर बसवायचे. आईला गाडी लागायची. ती बिचारी हातात लिंबू धरून हुंगत बसायची आणि अण्णा आरशात माझ्याकडे नाही, त्या लिंबाकडे बघायचे. लिंबू मांडीवर ठेवलं गेलं, की मी पास.

आता तुमच्या मेहुण्यांचं. इलेक्ट्रिक गाडीत अॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की चाकं उलट मोटरलाच फिरवायला लागतात. मोटरची जनरेटर होते, तयार झालेली वीज बॅटरीत जाते आणि त्या ओढीनं गाडीचा वेग कमी होतो. याला रिजन म्हणतात. त्याचा जोर जास्त ठेवला असेल तर पाय उचलल्याबरोबर कुणीतरी ब्रेक दाबल्यासारखी गाडी अडते. पेट्रोल गाडीवर वाढलेला माणूस पाय धसमुसळेपणानं उचलतो आणि ठेवतो, कारण इंजिन त्याच्या चुका पोटात घालतं. पाय दाबल्यापासून ओढ लागेपर्यंत मध्ये थोडी उसंत असते. मोटर काही पोटात घालत नाही. उभ्या गाडीपासूनच तिचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, हजर असतो आणि पायाची प्रत्येक चाळवाचाळव थेट चाकापर्यंत पोहोचते. त्यात इंजिनाचा आवाज नाही, म्हणजे मागे बसलेल्या पोराच्या अंगाला पुढच्या झटक्याची वर्दीसुद्धा मिळत नाही. मग पोट ढवळणारच. तुमच्या मुलीनं दोनदा ओकून एवढंच सांगितलं, की मामाला अजून ती गाडी चालवता येत नाही.

आणि तुम्ही म्हणता हातापायाला काम नाही! काम आहे, दादा. डाव्या पायाचं आणि डाव्या हाताचं गेलं, ते सगळं उजव्या पायाच्या गळ्यात पडलं. मेहुण्यांना तेच जमलं नाही. तुम्ही खंबाटकी चढताना ट्रक मागे टाकले असतील, त्यात तर काहीच कौशल्य नव्हतं. ते मोटरनं केलं. चढावर सरळ पाय दाबून इलेक्ट्रिक गाडीची परीक्षा घेणं म्हणजे गवयाला फक्त वरचा सा लावायला सांगणं.

पण गोड बोलून मी तुम्हाला गंडवणार नाही. जे जातंय ते खरंच जातंय. यवतेश्वरच्या वळणाआधी तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना क्लच सोडायच्या क्षणी दिलेली ती जराशी रेस, गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसणं, आणि मग दरडीवर आपटून परत येणारा आपल्याच इंजिनाचा आवाज. कितव्या गिअरात किती आवाज झाला म्हणजे किती वेग, हे काट्याकडे न बघता कळणं. हे इलेक्ट्रिक गाडीत नाही आणि येणारही नाही. ह्युंदाईनं २०२३ मध्ये आयोनिक ५ एन नावाची गाडी काढली, तिच्यात खोटे गिअर आहेत, खोटा आवाज आहे, गिअर बदलल्याचा खोटा धक्काही आहे. चालवणारे म्हणतात मजा येते. येत असेल. मला मात्र देवळातलं ते विजेवर वाजणारं नगारा-घंटेचं यंत्र आठवतं, आरतीला माणसं जमली नाहीत की लावतात ते. ताल चुकत नाही, पण टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत.

दुसरं जातंय ते हलकेपण, आणि त्याबद्दल आवाजाइतकं कुणी बोलत नाही. तुमची स्विफ्ट साधारण टनभर वजनाची. तेवढ्याच माणसांची इलेक्ट्रिक गाडी सहज चौदाशे किलोच्या पुढे जाते, कारण बॅटरीच अडीचशे-तीनशे किलो किंवा त्याहून जास्त भरते. बॅटरी तळाशी असते म्हणून गाडी वळणात कमी कलते, हे खरं. पण जाड माणूस मांडी घालून खाली बसला म्हणून हलका होत नाही. ओल्या वळणात ते वजन बाहेरच्या बाजूला ओढ घेतंच, टायरही लवकर झिजतात. हलकी, साधी, खिशाला परवडणारी आणि चालवायला गमतीची इलेक्ट्रिक गाडी अजून आपल्याकडे नाही. कुणी विकायला आलंच तर मला आधी कळवा.

आता एक कडू गोष्ट. तुमच्यासारख्यांच्या आवडीच्या गाड्या आठवून बघा. पालिओ १.६, व्हीटेकवाली जुनी सिटी, फिएस्टा १.६ एस, पोलो जीटी. यांतली कोणती विजेनं मारली? एकही नाही. फोर्डनं २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं ठरवलं, पोलो २०२२ मध्ये बंद झाली, पालिओ तर त्याच्या कितीतरी आधी गेली. बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे कडक नियम, आले १ एप्रिल २०२० ला आणि छोटी डिझेल इंजिनं एकामागून एक गुंडाळली गेली. उरलेलं काम आपण गिऱ्हाइकांनीच केलं. आपल्याला उंच गाडी हवी, छताला काच हवी, मायलेज हवं. शोरूममध्ये ‘स्टिअरिंग कसं वाटतं’ असं विचारणारा माणूस मी शेवटचा कधी पाहिला ते आठवत नाही. वीज दारात यायच्या आधीच घर निम्मं रिकामं झालं होतं.

‘मोबाइल चालवतोय’ असं वाटलं म्हणता, तेही विजेच्या खात्यावर टाकू नका. त्याच किमतीची पेट्रोल गाडी बघून या. तोच फळ्याएवढा स्क्रीन, एसीचं बटणही त्यातच दडवलेलं, लेन सुटली की तीच टूं-टूं, घाटात पांढरी रेघ पुसट झाली की तसंच स्वतःहून वळू बघणारं स्टिअरिंग. हा आजार आजकाल सगळ्याच गाड्यांना आहे. आणि जीव घट्ट करून ऐका: तुमच्या लाडक्या स्विफ्टचं पॉवर स्टिअरिंगही विजेच्या मोटरवरच चालतं. वीस वर्षं तुम्ही वीजच हातात धरून होतात.

(ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी जगातली पहिली मोटारगाडीसुद्धा विजेवरचीच होती. १८९९ साली, कामी जेनात्झी नावाच्या बेल्जियन माणसाची, टॉर्पेडोसारख्या आकाराची. आवडीनं गाडी पळवणारी माणसं तेव्हाही होती आणि पेट्रोलवाले तेव्हा मागे होते. मेहुण्यांना हे सांगू नका, डोक्यावर बसतील.)

आता माझा अनुभव. मागच्या हिवाळ्यात भाच्याची इलेक्ट्रिक गाडी दोन दिवस माझ्याकडे होती. पहाटे सहाला वाईतून पसरणी चढले. तुमच्यासारखीच नाक मुरडत. चढताना एक गोष्ट जाणवली. आमची झेन पाचगणीपर्यंत पोहोचेतो दमायची, कारण उंचीवर हवा विरळ होते आणि साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला दहा टक्क्यांच्या आसपास घटते. मोटरला हवा लागतच नाही. महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवरही तिची ओढ वाईतल्यासारखीच. बरं वाटलं, पण ऊर भरून वगैरे आला नाही.

गंमत उतरताना आली.

अण्णांचा नियम तुम्हालाही ठाऊक असेल: ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरायचं. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलला गाडी सोडणारे, आणि मग खाली तापलेल्या ब्रेक लायनरचा वास घेत उभे राहणारे, आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्या गाडीत स्टिअरिंगच्या मागे बोटानं ओढायचे दोन पॅडल होते, एकानं रिजनचा जोर वाढतो, दुसऱ्यानं कमी होतो. पहिल्या दोन वळणांत मी मेहुण्यांसारखीच झटके देत आले. तिसऱ्या वळणाआधी जोर एक पायरी वाढवला आणि पाय पूर्ण न उचलता नुसता सैल केला, भाकरी उलटण्याआधी बोटानं चाचपतात तितपत. गाडी स्वतःहून वेग सांडत वळणात शिरली. वळणाच्या मध्यावर पायाचं वजन परत टाकलं, ती ताठ होऊन बाहेर पडली. आवाज नव्हता म्हणून टायर ऐकू येत होते. डांबर कुठे खरखरीत, कुठे गुळगुळीत झालंय, कुठे खडी सांडलीय, ते चक्क कानाला कळत होतं. एवढी वर्षं तो घाट उतरतेय, रस्त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. वाईत पोहोचेपर्यंत ब्रेकला पाय किती वेळा लावला ते मोजलं. सात वेळा. त्यातले दोन माकडांसाठी.

खाली येऊन हिशेब मांडला, कारण युनिटची भाषा आपल्याला लाइट बिलामुळे कळते. वाई ते पाचगणी चढ साधारण पावणेसहाशे मीटरचा. माणसांसकट सोळाशे किलोची गाडी तेवढी उंच उचलायलाच अडीच युनिट वीज लागते. रस्त्याचं घर्षण, हवा, मोटरमधली गळती धरली तर चढताना साडेतीन-चार युनिटं जातात. नीट उतरलात तर एक-सव्वा युनिट परत मिळतं. म्हणजे आठेक किलोमीटर फुकट. पैशाच्या दृष्टीनं किरकोळ. पण पेट्रोल गाडीत घाट उतरणं म्हणजे नुसतं स्वतःला आवरणं होतं, चढताना जाळलेल्या पेट्रोलचा थेंबही परत मिळत नव्हता. इथे प्रत्येक वळणावर समोर आकडा दिसतो, की तुम्ही किती सफाईनं आलात. ब्रेक जोरात मारला की तेवढं घालवलं. मला तर ते पत्त्यांच्या डावासारखं व्यसन लागलं. भाचा म्हणाला, मावशी, गाडी कधी परत देणार?

एक सावधगिरी मात्र पक्की लक्षात ठेवा. महाबळेश्वर-पाचगणीला मुक्काम करून सकाळी १०० टक्के चार्ज घेऊन उतरायला लागू नका. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तसं भरलेल्या बॅटरीत रिजनची वीज जात नाही. रिजन कमी होतं किंवा बंद पडतं आणि पाय उचलल्यावर जी ओढ अपेक्षित असते ती येतच नाही. पहिल्याच उतारावर काळजात धस्स होतं. वर ८०-८५ टक्क्यांवर थांबवा. आणि आषाढ-श्रावणात, रस्त्यावर लाल चिखल आलेला असताना, रिजन सगळ्यात जोराच्या पायरीवर ठेवू नका. पाय एकदम उचललात तर निसरड्यावर चाक सुटू शकतं.

आता घरचं बोलू. पत्रात सौ. बद्दल एकच ओळ आहे. कोरेगावला रोज जाऊन-येऊन चाळीसेक किलोमीटर गाडी त्या चालवणार आणि गळा तुम्ही काढताय! त्यांच्या कामाला इलेक्ट्रिक गाडी बेतून शिवल्यासारखी आहे: दिवसाला सहा युनिटांच्या आसपास, घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर रात्रीत आरामात भरेल, फक्त इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग आणि वायर तपासून घ्या. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या दाखवून मुलीला ‘आपली गाडी वाऱ्यावर चालते’ असं मात्र सांगू नका, आपल्या विजेत कोळसा अजून बराच आहे. ही गाडी घ्यावी की नाही यात मला शंका नाही. घ्या. आणि कोणती, ते त्यांना ठरवू द्या.

स्विफ्ट? जागा असेल आणि पासिंग, विमा, हरित कराचा खर्च झेपत असेल तर ठेवा, पण एकाच अटीवर: दर पंधरा दिवसांनी ती घाट चढली पाहिजे. उभी राहून बॅटरी उतरलेली, टायर बसलेली, उंदरांनी वायरी कुरतडलेली गाडी मी रोज खिडकीतून बघते. आवड म्हणून ठेवलेल्या वस्तूचे असे हाल करू नयेत. चालवणं होणार नसेल तर विका, आणि भंगारवाल्याला नाही, एखाद्या विशीतल्या पोराला. त्यालाही दुसऱ्यात गिअर टाकून यवतेश्वर चढायचं असेलच की.

टेस्ट ड्राइव्हला शोरूमवाला तुम्हाला हायवेवर नेईल आणि ‘सर, पिकअप बघा’ म्हणेल. नको म्हणा. यवतेश्वरला चला म्हणा. रिजन शून्यावर ठेवून एकदा उतरा, मग जास्तीत जास्तवर, मग मधल्या पायरीवर. एखाद-दोन वेगळ्या गाड्या बघा. महिंद्राच्या बीई ६ सारख्या गाडीत मोटर मागच्या चाकांना जोर देते, फियाट-अॅम्बेसेडरच्या पिढीनंतर घरगुती गाडीत ती चव जवळजवळ गेलीच होती. वळणातून बाहेर पडताना गाडी मागून ढकलते की पुढून ओढते, ते तुमच्यासारख्याला पहिल्या पाच मिनिटांत कळेल. सीट, स्टिअरिंगचं वजन, ब्रेक पेडलची जाण, यांवर ठरवा. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे विचारूच नका. साताऱ्यात शंभर जायला रस्ता कुठाय?

अण्णा आता ८१ वर्षांचे आहेत. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर धावली होती आणि विजेवरची पहिली शिवाईही त्याच रस्त्यावर, १ जून २०२२ ला सुरू झाली. हे वाचल्यापासून त्यांच्या डोक्यात तिचं खूळ होतं. शेवटी मागच्या वर्षी कुणाला न सांगता पुण्याला जाऊन शिवाईनं नगरला गेले. परत आल्यावर विचारलं, कशी होती गाडी? म्हणाले, “गाडीचं काय माहीत नाही. पोरगं झकास चालवत होतं. मला शिक्रापूरलाच झोप लागली.”

नवी गाडी आली की पहिला महिना स्वतःचा पाय घडवा. मग एका रविवारी मुलीला मागे बसवून कासला न्या, येताना तिच्या हातात लिंबू द्या आणि आरसा जरा खाली करून ठेवा. लिंबाचं काय झालं ते मला कळवा.